वर्ल्ड काँग्रेस की ला रोशेल?

विज्ञानविषयक माहितीपट घेऊन बाहेर पडायचं, आणि खिशात एकाच वारीचे पैसे. मग जायचं कुठे?

‘वर्ल्ड काँग्रेस ऑफ सायन्स अँड फॅक्च्युअल प्रोड्युसर्स’ ही विज्ञान-माहितीपट करणाऱ्यांची परिषद दरवर्षी गाव बदलते: २०१७ला सॅन फ्रान्सिस्को, २०१८ला ब्रिस्बेन, २०१९ला टोकियो. त्यामुळे विमानभाड्याचा अंदाज आधी बांधता येत नाही. पण तिथे जमणारी माणसं आपल्याच विषयातली. बीबीसी, जपानची एनएचके, फ्रेंच-जर्मन आर्टे अशा वाहिन्यांसाठी माहितीपट निवडणारी मंडळी चहाच्या रांगेत तुमच्यापुढे उभी असतात. ‘जीवाणू’ म्हटल्यावर त्यांच्या कपाळाला आठ्या पडत नाहीत. उलट ‘दाखवणार कसं?’ हा नेमका प्रश्न येतो. याचं उत्तर तयार नसेल, तर पहिल्या दोन मिनिटांत उघडं पडायला होतं.

‘सनी साइड ऑफ द डॉक’ हा माहितीपटांचा बाजार १९९०मध्ये फ्रान्समधल्या मार्सेत सुरू झाला, २००६पासून तिथल्याच ला रोशेल या बंदराच्या गावी असतो. जूनमध्ये, जुन्या बंदराकाठी. इतिहास, कला, निसर्ग, सगळंच तिथे विकायला. गर्दीत विज्ञान हरवतं, आणि उन्हाळ्यात शेंगेन व्हिसाची तारीख मिळवणं हा वेगळाच छळ. मात्र फ्रेंच भागीदार हवा असेल तर ला रोशेलच.

माझं मत? विषय भौतिकशास्त्राचा असेल तर काँग्रेस, डोळे झाकून.