शटडाउनमधले अलार्म: शेल्व्ह करावे, आउट ऑफ सर्व्हिस टाकावे, की लॉजिक लावावं?

पंप बंद केला की लो फ्लो, लो डिस्चार्ज प्रेशर असे त्याचे अलार्म लागोपाठ येतात आणि शटडाउन संपेपर्यंत पॅनलवर ठाण मांडून बसतात. या गर्दीत शेजारच्या चालू युनिटचा खरा अलार्म बुडतो. 1994 साली वेल्समधल्या मिलफोर्ड हेवन रिफायनरीत स्फोटाआधीच्या 10.7 मिनिटांत दोन ऑपरेटरांपुढे 275 अलार्म आले होते. अलार्म व्यवस्थापनाचं आयएसए 18.2 हे मानक तर 10 मिनिटांत 10 पेक्षा जास्त अलार्म आले तरी त्याला अलार्मचा पूर म्हणतं.

अलार्म दाबायचे, म्हणजे तात्पुरते गप्प करायचे, तीन मार्गही याच मानकात आहेत. निवडताना मी एकच बघतो: दाबलेला अलार्म परत कोण आणणार?

शेल्व्हिंगमध्ये, म्हणजे ऑपरेटर ठरावीक वेळेपुरता अलार्म बाजूला ठेवतो तेव्हा, घड्याळ आणतं. ट्रान्समीटरचं (मोजमाप पाठवणाऱ्या उपकरणाचं) दोन तासांचं कॅलिब्रेशन असेल तर उत्तम. वीस दिवसांच्या शटडाउनला मात्र दर शिफ्टला पुन्हा शेल्व्ह करत बसावं लागतं, आणि मग कोणी यादी वाचतही नाही.

आउट ऑफ सर्व्हिसमध्ये, म्हणजे अलार्म रीतसर सेवेबाहेर काढतात तेव्हा, माणूस आणतो. मंजुरी आणि नोंद असते, पण स्टार्टअपच्या घाईत परत आणायचं राहून जातं. म्हणून टॅगवार (प्रत्येक उपकरणाच्या ओळख क्रमांकानुसार) यादी वर्क परमिटला जोडा आणि फीड, म्हणजे कच्चा माल, आत घेण्याआधी ती पूर्ण मिटवा.

तिसऱ्यात लॉजिक आणतं: युनिट बंद असेल तर अलार्म आपोआप दबतो, चालू झालं की परत येतो. खर्च इंजिनिअरिंगचा, आणि खरी मेख ‘बंद’ कशावरून ठरवता यात. नुसत्या फ्लोवरून ठरवलं, तर चालत्या पंपाचा फ्लो तुटताच लॉजिक त्याला बंद समजेल आणि नेमका लो फ्लोचा अलार्म गिळून टाकेल! मोटरचा रनिंग फीडबॅक, व्हॉल्व्ह उघडा की बंद ते सांगणारे लिमिट स्विच असे वेगवेगळे सिग्नल एकत्र घ्या.

दोन-चार वर्षांतून एकदा पूर्ण शटडाउन होत असेल तर आउट ऑफ सर्व्हिसची शिस्तबद्ध यादी पुरते. बॅच प्लांट असेल किंवा पंप सतत अदलाबदल होत असतील, तर लॉजिकवर पैसे घाला, निदान सर्वाधिक गोंगाट करणाऱ्या उपकरणांसाठी तरी. गॅस डिटेक्टर सरसकट दाबू नका. हॉट वर्क (वेल्डिंग, कटिंग) नेमकं शटडाउनमध्येच चालतं. आणि अलार्म दाबणं म्हणजे ट्रिप बायपास (उपकरण आपोआप बंद करणारं संरक्षण निकामी करणं) नव्हे, त्या बायपासची मंजुरी वेगळी.

लॉजिकचा आणखी एक फायदा सहसा हिशेबात धरला जात नाही. आयसोलेट केलेल्या (व्हॉल्व्ह बंद करून तोडलेल्या) लाइनमध्ये प्रेशर हळूहळू चढतंय, म्हणजे व्हॉल्व्ह पास होतोय, बंद असूनही गळतोय. चालू प्लांटच्या हाय लिमिटला ते कळत नाही; लॉजिकने शटडाउनपुरती खालची लिमिट लावली तर कळतं.