डिफ 'रेस ट्यूनिंग'च्या नावाखाली पुण्यात चाललेली फसवणूक, पैसे देण्याआधी वाचा

पुण्यात आरसी (रिमोट कंट्रोलची) बग्गी चालवणाऱ्यांनी हे जरा वेळ काढून वाचा, खास करून ज्यांनी नुकतीच जुनी १/८ स्केलची गाडी घेतलीये आणि डिफ (डिफरन्शियल, म्हणजे चाकांना जोर वाटून देणारी गिअरची डबी) कोणाकडून तरी ट्यून करून घ्यायच्या विचारात आहेत त्यांनी. एक माणूस आहे, नाव लिहीत नाही, तो तिन्ही डिफचं 'रेस ट्यूनिंग' म्हणून साडेसहा हजार घेतो, ऑइलच्या जागी ग्रीस भरतो, आतले चांगले गिअर काढून घेतो आणि झिजलेले किंवा कच्च्या लोखंडाचे गिअर बसवून डिफ परत देतो. माझे तसे दिले, आणि माझं कळल्यावर अजून दोघांनी आपापले उघडून बघितले तर त्यांचेही तसेच निघाले. म्हणजे चुकून झालंय असं म्हणायला काही जागाच नाहीये.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो, कारण फसवणूक नेमकी कशी होते ते डिफ समजल्याशिवाय कळणार नाही. १/८ च्या फोर व्हील ड्राइव्ह बग्गीत (चारही चाकांना जोर मिळतो ती) तीन डिफ असतात, पुढे, मध्ये आणि मागे. प्रत्येक डिफ म्हणजे एक बंद डबी, बाहेर क्राउन गिअर (मधल्या डिफला स्पर गिअर), आत दोन सन गिअर आणि क्रॉस पिनवर बसलेले चार छोटे स्पायडर गिअर, आणि हे सगळं सिलिकॉन ऑइलमध्ये बुडालेलं. वळणावर आतल्या चाकाला कमी अंतर असतं, बाहेरच्याला जास्त, म्हणून दोघांना वेगवेगळ्या स्पीडने फिरू द्यायचं काम डिफचं, आणि ते किती मोकळेपणाने फिरू द्यायचं ते ऑइल ठरवतं. ऑइलचा घट्टपणा सीएसटीमध्ये (सेंटिस्टोक) मोजतात, पाणी साधारण १ सीएसटी, आणि आपल्या बग्गीत ३,०००, ५,०००, ७,००० असली ऑइलं जातात. कोणी '७-७-३' म्हणाला की समजायचं पुढे ७,०००, मध्ये ७,०००, मागे ३,०००.

आता बघा, हा माणूस सगळ्यांना हेच ७-७-३ विकतो, 'वर्ल्ड लेव्हल सेटअप' म्हणून. पण सेटअप ट्रॅकवर ठरतो. आपण चालवतो कुठे, तर वाघोलीकडच्या किंवा मोशीकडच्या मोकळ्या प्लॉटवर, मुरूम आणि धूळ, पकड जवळजवळ नाहीच. असल्या जागी साधारणपणे पातळ ऑइलकडे जायचं असतं. मागचा डिफ घट्ट केला तर दोन्ही चाकं एकत्र ओढतात, सरळ रेषेत गाडी छान पळते पण धुळीवर थ्रॉटल दिला की शेपूट सुटते. पातळ केला तर मागचा भाग वळणात बसून राहतो, फक्त अति पातळ झालं तर बाहेर पडताना आतलं चाक फुकट फिरत बसतं. पुढचा पातळ असेल तर थ्रॉटल सोडल्यावर गाडी पटकन आत वळते, घट्ट असेल तर वळणात शिरताना शांत राहते आणि थ्रॉटलवर पुढे खेचते. मधला सगळ्यात नाजूक, तो फार पातळ झाला की जोर हलक्या झालेल्या पुढच्या चाकांकडे पळतो आणि टायर फुग्यासारखे फुगतात. माझ्या मते मुरमावर ५-५-२ पासून सुरुवात करावी आणि एका वेळी एकच डिफ बदलून बघावा. मोठ्या कंपन्यांच्या साइटवर त्यांच्या ड्रायव्हरांच्या सेटअप शीट फुकट पडलेल्या असतात, त्यात ट्रॅक कसा होता तेही लिहिलेलं असतं, त्यामुळे नुसत्या तीन आकड्यांसाठी कोणालाही एक रुपया द्यायची गरज नाही.

माझ्या गाडीत पावसाळ्यात पाणी आणि चिखल गेला होता, ओ-रिंग आणि गॅस्केट बदलायचेच होते, क्राउन आणि पिनियनचं (क्राउनला फिरवणारा छोटा गिअर) शिमिंगही, म्हणजे पातळ चकत्या घालून दोघांचे दात नीट जुळवणं, परत करायचं होतं. ओळखीच्या मुलाने याचा नंबर दिला. फोनवर माणूस एकदम गोड, 'दादा तुम्ही निवांत राहा, शिम इंपोर्टेड टाकतो, गिअर ओरिजिनल हार्डन्ड (कडक केलेले) टाकतो, तुमचे घासलेत ते काढून देतो.' मी स्पष्ट विचारलं की जुने गिअर परत मिळतील ना, तर म्हणाला 'शंभर टक्के, पिशवीत घालून देतो.' पैसे यूपीआयने आधी घेतले. आठवड्याभराने डिफ परत आले, वरून चकचकीत पुसलेले, ७-७-३ चं स्टिकर लावलेलं, आणि प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर लाल रंगाचा ठिपका. विचारलं हे काय, तर म्हणे 'सील आहे, तुम्ही उघडलं तर वॉरंटी गेली.' जुने गिअर मागितले तर 'अरे ते भंगारात गेले दादा, काही कामाचे नव्हते.'

लाल ठिपक्याकडे नीट लक्ष द्या. डिफ ही नियमित उघडायची वस्तू आहे, काही दिवस चालवलं की ऑइल काळं पडतं, धातूचा कीस येतो, ते बदलावंच लागतं. जो माणूस खरोखर डिफ बांधतो तो तुम्हाला कधीही म्हणणार नाही की उघडू नका.

हातात घेऊन फिरवला तर डिफ अगदी बरोबर वाटत होता हे मुद्दाम सांगतो, कारण खरी चलाखी तिथेच आहे. एक आउटड्राइव्ह (डिफच्या बाजूला बाहेर आलेलं टोक, ज्याला चाकाचा दांडा जोडतात) धरून दुसरा फिरवला तर ७,००० चा असावा तसा जड फिरत होता. ग्रीसचं असंच असतं, थंड आणि नवीन असताना जड लागतं. पण गाडी पळायला लागली की गिअर त्या ग्रीसमध्ये आपल्यापुरती वाट करून घेतात, बाकीचं ग्रीस डबीच्या भिंतीला जाऊन चिकटतं आणि परत खाली येत नाही, ऑइल मात्र वाहून परत गिअरवर येतं. म्हणून ग्रीसवाला डिफ पहिली काही मिनिटं ठीक चालतो आणि मग अचानक मोकळा होतो. माझी गाडी पहिली बॅटरी संपायच्या आतच वळणातून बाहेर पडताना सरळ जायला लागली, पुढचे टायर फुगायला लागले, आणि मागून कट कट कट आवाज सुरू झाला.

त्याला फोन केला तर म्हणाला 'ऑइल सेट व्हायला वेळ लागतो, दोन-चार बॅटरी पॅक चालवा.' चालवल्या. आवाज वाढला. मग बाबांचे एक मित्र आहेत, भोसरी एमआयडीसीत त्यांचं गिअर कटिंगचं छोटं वर्कशॉप आहे, आयुष्य गिअरमध्ये गेलेला माणूस, त्यांच्याकडे तिन्ही डिफ घेऊन गेलो. काका म्हणाले, 'सील-बिल काही नाही, नेलपेंट आहे हे, उघड.' उघडताना मोबाइलवर सगळं शूट केलं, पहिल्या स्क्रूपासून.

पुढच्या डिफमध्ये राखाडी ग्रीस, सगळं भिंतीला चिकटलेलं, गिअर जवळजवळ कोरडे. मधल्यात ग्रीसमध्ये थोडं ऑइल कालवलेलं. मागच्यात बघून मला खरंच वाईट वाटलं, चारच्या जागी दोनच स्पायडर गिअर आणि एकच क्रॉस पिन, म्हणजे चार गिअरवर वाटून जायचा जोर दोनावर आलेला, आणि त्या दोघांचे दात टोकाला गोल झालेले. गाडी घेतली तेव्हा मी स्वतः हाच डिफ उघडून फोटो काढले होते, त्यात चारही गिअर स्वच्छ दिसतायत. काकांनी एक गिअर हातात घेतला, बारीक कानस काढली आणि दातावरून फिरवली. 'बघ, कानस धरतेय. हार्डन केलेल्या गिअरवर कानस घसरते, पकडत नाही. हा माल कच्चा आहे, एक उन्हाळा सुद्धा काढणार नाही.' मग क्राउन गिअरला निळा मार्किंगचा रंग लावून पिनियनबरोबर फिरवला तर डाग फक्त दाताच्या एका कडेला उमटला, म्हणजे शिम घातलेच नव्हते. इंपोर्टेड तर सोडाच, बेअरिंगमागे साधा देशी शिमसुद्धा नाही. कट कट आवाज त्याचाच होता.

ऑइलच्या तीन बाटल्याही मी त्याच्याकडून घेतल्या होत्या, ३,०००, ५,००० आणि ७,००० चं लेबल लावलेल्या. काकांकडेच त्या एका ओळीत धरून एकदम उलट्या केल्या, आतला हवेचा बुडबुडा तिन्हींमध्ये एकाच वेळेला वर पोचला. खरं असतं तर ३,००० चा बुडबुडा आधी आणि ७,००० चा स्पष्ट मागे राहिला असता. मग ग्लासभर पाण्यात थेंब टाकला तर तो तळाला गेला आणि हलवल्यावर पाण्यात विरघळून गेला. सिलिकॉन ऑइल पाण्यापेक्षा किंचित हलकं असतं, वर तरंगतं आणि कितीही ढवळा पाण्यात मिसळत नाही. काकांचं म्हणणं पडलं की हे ग्लिसरीन असणार, आणि मलाही ते पटलं, जड, चिकट, पाण्यात विरघळणारं. ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढून घेतं, ते पाणी गिअरला गंज चढवायला पुरेसं आहे, आणि उष्णतेने ते फार पातळ होतं, २० अंशांना जेवढं घट्ट असतं त्याच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतकंच ४० अंशांना उरतं. सिलिकॉन ऑइलही तापल्यावर पातळ होतं पण इतकं नाही, म्हणून तर रेसिंगमध्ये ते वापरतात. पुण्यातल्या एप्रिलच्या दुपारी, आणि त्यात डिफ आतून तापलेला, तुमच्या सेटअपला काही अर्थच राहत नाही.

दुसरा जो मुलगा फसलाय तो कॉलेजात शिकतो, पार्टटाइम काम करून गाडीला पैसे जमवतो, त्याची गोष्ट ऐकून मला माझ्यापेक्षा जास्त राग आला. त्याची १/१० ची टू व्हील ड्राइव्ह बग्गी, तिला बॉल डिफ (गिअरऐवजी दोन रिंगांमध्ये दाबलेल्या छोट्या गोळ्यांवर चालणारा), फिरवल्यावर खरखर लागत होता. बॉल डिफ खरखरला की बहुतेक वेळा नवीन बॉल घालायचे, रिंग उलटवायच्या किंवा बारीक पॉलिश पेपरवर घासून घ्यायच्या, थ्रस्ट बेअरिंग तपासायचं, काम झालं. याने त्याला सांगितलं की बॉल डिफ आता कोणी वापरतच नाही, आणि जबरदस्तीने गिअर डिफ विकला. कमी पकडीच्या मातीवर बॉल डिफ आजही चांगला चालतो, वर स्क्रू थोडा फिरवून ट्रॅकवरच सेट करता येतो, डबी उघडावी लागत नाही. गिअर डिफ मजबूत आहे, देखभाल कमी आहे, जास्त पकडीच्या ट्रॅकवर तोच घ्यावा, पण या पोराला त्याची गरजच नव्हती. आणि विकलेला गिअर डिफही आतून ग्रीसवालाच निघाला.

व्हिडिओ पाठवल्यावर त्याचं उत्तर आलं, 'तुम्ही सील तोडलंत, आता मी जबाबदार नाही, आणि मुरमात चालवता मग गिअर जाणारच.' आम्ही तिघांनी मिळून व्हिडिओ, जुने फोटो, यूपीआयच्या पावत्या आणि चॅट एकत्र पाठवून सांगितलं की राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार टाकतोय आणि तिथे नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोगात जाऊ. पैसे घेऊन केलेली सेवा २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला आयोगात फी लागत नाही, हे त्यालाही बहुतेक कोणीतरी सांगितलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी मजुरीचे पैसे परत आले. पार्ट्सचे नाही आले. माझे चांगले स्पायडर गिअर आणि क्रॉस पिनही नाही आली, ती बहुधा कोणाच्या तरी 'नवीन ओरिजिनल' डिफमध्ये बसलीये. १९१५ ची तक्रार चालू आहे, मागे घेणार नाही.

आता त्याने नंबर बदललाय आणि वेगळ्या नावाने काम घेतो असं कळलंय, त्यामुळे नंबर लिहून उपयोग नाही, पद्धत ओळखा. स्क्रूवर रंगाचे ठिपके, पैसे आधी, जुने पार्ट परत नाहीत, आणि ट्रॅक कुठला ते न विचारताच ७-७-३. कोणालाही डिफ देताना आतल्या गिअरचे दात दिसतील असे फोटो काढून त्यालाच पाठवा, गिअरच्या मागच्या बाजूला सुईने बारीक खूण करा, आणि परत घेताना निदान एक डिफ समोर उघडून मागा, चार स्क्रू असतात, पाच मिनिटांचं काम आहे. ऑइल स्पायडर गिअर जेमतेम झाकेल इतकं दिसलं पाहिजे, काठोकाठ नाही, कारण गरम झाल्यावर फुगायला थोडी जागा लागते. दशांश ग्रॅम दाखवणारा छोटा काटा असेल तर ऑइल भरण्याआधीचं आणि नंतरचं वजन लिहून ठेवा, पुढच्या वेळी तेवढंच भरता येतं.

ज्यांचे डिफ सध्या त्याच्याकडे पडून आहेत त्यांनी आधी ते जसे आहेत तसे उचलून आणा, काम अर्धवट असलं तरी. काकांनी रविवारी सकाळी वर्कशॉपमध्ये बसून बघू म्हणून सांगितलंय, कानस, निळा रंग आणि पाण्याचा ग्लास तयार आहे, बाटल्याही घेऊन या.