सोलर वॉटर हीटर: वस्तू चोख, सवलत नावापुरती

बेळगावात, वडगावच्या आमच्या घराच्या गच्चीवर काचेच्या नळ्यांचा १०० लिटरचा सोलर वॉटर हीटर आहे. दिवाळीनंतर पावसाळा लागेपर्यंत चौघांच्या आंघोळी त्यावर बिनघोर होतात. मृग लागला की मात्र इथले आभाळ दिवसचे दिवस उघडत नाही, म्हणून टाकीत विजेचा रॉड हवाच. खानापूरकडच्या मंडळींनी तर त्याशिवाय घेऊच नये.

तक्रार आहे ती बसवणाऱ्याबद्दल. गच्चीवरून न्हाणीघरापर्यंतच्या पाईपला त्याने आवरणच घातले नाही, त्यामुळे थंडीत नळ सोडला की पहिली अर्धी बादली गारच येते. बोअरच्या पाण्याचाही त्याने विचार केला नव्हता. सफाईसाठी एक नळी उतरवली, तेव्हा तिच्या तळाशी चुन्यासारखा पांढरा गाळ बोटभर साचलेला होता.

सरकारी धोरणाचे म्हणाल, तर कर्नाटकात ठरावीक आकारापुढच्या नव्या घरांना वीजजोडणीसाठी सोलर हीटरची सक्ती झाली, पण ती हीटर गच्चीवर चढवण्यापुरती; त्याचे पाणी नळाला नीट येते का, हे कोण पाहतो? केंद्राचे ३० टक्के अनुदान २०१४ मध्ये बंद झाले. इकडे वीज पुरवणाऱ्या हेस्कॉम कंपनीच्या बिलात सोलर हीटरवाल्यांना युनिटमागे ५० पैसे आणि महिन्याला जास्तीत जास्त ५० रुपये अशी सूट ठेवली गेली. एवढ्यासाठी कोणी हजारो रुपये घालणार नाही. त्यात २०२३ मध्ये घरगुती मोफत विजेची राज्य सरकारची गृहज्योती योजना आली. तिच्या मूळ नियमानुसार मोफत युनिटे २०२२-२३ च्या सरासरी वापरात १० टक्के मिळवून, २०० युनिटांच्या मर्यादेत ठरली. म्हणजे ज्यांनी आधीच सोलर बसवून वापर कमी केला होता त्यांच्या वाट्याला कमी युनिटे आली आणि रोज गिझर लावणाऱ्यांना जास्त. ही उलटी बक्षिसी धोरण आखणाऱ्यांच्या ध्यानात आली नसावी. २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेत ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे, पण ते वीज तयार करणाऱ्या पॅनेलना. पाणी तापवणाऱ्या सोलरला त्यातले काही मिळत नाही.

तरीही १०० लिटरचा हीटर वर्षाला सुमारे १५०० युनिटे वाचवू शकतो असा सरकारी अंदाज आहे, आणि ज्यांचे बिल शून्यावर येत नाही त्यांनी तो जरूर घ्यावा. बोअरचे पाणी असेल, तर ते थेट काचेच्या नळ्यांत जाणार नाही असा प्रकार मागावा, आणि पाईपचे आवरण कोटेशनमध्ये लिहून घेतल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नये.