विसराळू माणसाने कोणते ऑर्किड घ्यावे : फॅलेनॉप्सिस की डेन्ड्रोबियम?

नोकरी, मुलांची शाळा आणि अधूनमधून गावाकडच्या फेऱ्या सांभाळून घरात ऑर्किड जगेल का, असा प्रश्न मला अनेकजण विचारतात. राधानगरीच्या जंगलात फांद्यांना बिलगून वाढणाऱ्या आमरी, म्हणजे रानटी ऑर्किड, पावसाळा संपल्यावर कित्येक महिने दव आणि धुक्यावर तग धरतात, हे लक्षात घेतले तर या झाडांना नाजूक म्हणणे बरोबर नाही. कुंडीतले ऑर्किड मरते ते बहुतेक वेळा जास्त पाण्याने. त्याच्या मुळांवर स्पंजासारखे जाड आवरण असते, जे पाणी झटकन शोषून घेते, पण सतत ओले राहिले की हवेअभावी कुजू लागते.

फॅलेनॉप्सिसला पाणी साठवायला कंद किंवा छड्या नसतात. त्याचा साठा जाड पानांत आणि मुळांत असतो. तरीही कोल्हापूरच्या हिवाळ्यात आठ-दहा दिवसांनी आणि एप्रिल-मेमध्ये तीन-चार दिवसांनी पाणी मिळाले तरी ते भागवून घेते. पूर्वेच्या खिडकीतला उजेड त्याला पुरतो, मात्र पश्चिमेच्या गॅलरीतील उन्हाळी ऊन पाने भाजून काढते. फूल एकदा उमलले की दोन-तीन महिने टिकते, आणि आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत रात्री गार होतात तो गारवा नवा फुलदांडा येण्यास मदतच करतो. त्याचे खरे वैरी म्हणजे पानांच्या मध्यावर, गाभ्यात साचलेले पाणी. माझे पहिले फॅलेनॉप्सिस याच कारणाने गेले. मी रोज वरून फवारा मारत होते आणि जुलैच्या दमट हवेत गाभा दोन आठवड्यांत काळा पडला. त्याचे मला अजून वाईट वाटते, कारण मी ते विसरले असते तर ते वाचले असते.

डेन्ड्रोबियमचा स्वभाव वेगळा. उसाच्या कांड्यांसारख्या दिसणाऱ्या छड्यांमध्ये ते पाणी धरून ठेवते, त्यामुळे पंधरा दिवस कुणी फिरकले नाही तरी छड्या थोड्या सुरकुततात आणि पाणी मिळाल्यावर पुन्हा भरतात. परंतु त्याला उजेड भरपूर हवा. सकाळचे तीन-चार तास कोवळे ऊन न मिळाल्यास झाड हिरवेगार राहते आणि फुलत नाही. राजारामपुरीतल्या एखाद्या बंदिस्त फ्लॅटपेक्षा उघडी गॅलरी किंवा गच्ची असलेल्या घरात ते अधिक शोभते. पाने गळालेली जुनी छडी वाळली समजून कापू नये, कारण तीच झाडाला पोसते आणि कधीकधी तिच्यावरच पुन्हा फुले येतात.

व्हँडा या तिसऱ्या ऑर्किडचा मोह मात्र टाळावा. मुळे उघड्यावर लोंबत असल्याने उन्हाळ्यात त्याला रोज पाणी लागते, आणि सुट्टीत घर बंद असले की त्याचे हाल होतात.

म्हणून माझे मत असे की, खिडकी एकच असेल आणि फुले दीर्घकाळ बघायची असतील तर फॅलेनॉप्सिस घ्यावे. गॅलरीत ऊन येत असेल आणि प्रवास फार असेल तर डेन्ड्रोबियम. खताचा विचार दोघांसाठीही फार करू नये, महिन्यातून एकदा अगदी पातळ खत पुरे आणि तेही चुकले तर बिघडत नाही. माती मात्र कुठल्याही परिस्थितीत वापरू नये. कोळसा, विटांचे तुकडे आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे यांत दोन्ही झाडे सुखाने वाढतात.

नर्सरीत निवड करताना फुलांकडे नंतर बघावे. पारदर्शक कुंडी उचलून मुळे पाहावीत: कोरडी असताना रुपेरी आणि पाणी मिळताच हिरवी होणारी, बोटांनी दाबल्यास टणक लागणारी मुळे निरोगी समजावीत. दाबल्यावर साल सुटून हाती केवळ दोऱ्यासारखी तार राहिली, तर ते झाड कितीही बहरलेले असो, जागेवर ठेवून द्यावे.