दारू सोडवायची आहे: घरी राहून की भरती होऊन?

दारू सोडायचं ठरलं की घरात पहिला वाद याच प्रश्नावर होतो. बहुतेक वेळा खर्च, रजा आणि लोक काय म्हणतील, हे बघून निर्णय होतो. खरं तर शेवटच्या घोटानंतरच्या पहिल्या पाच दिवसांत शरीर काय करणार, हे बघून तो व्हायला हवा.

व्यसन ओळखताना माणूस किती पितो यापेक्षा न प्यायल्यावर त्याचं काय होतं, ते पाहा. सकाळी हात थरथरतात, घाम फुटतो, मळमळतं आणि एक घोट घेतला की सगळं शांत होतं, म्हणजे शरीर दारूवर अवलंबून आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 'ऑडिट' या दहा प्रश्नांच्या चाचणीत 40 पैकी 8 किंवा जास्त गुण आले तर पिणं धोक्याच्या पातळीवर आहे. 20 किंवा त्याहून जास्त असतील तर व्यसनाची दाट शक्यता असते.

असं शरीर दारू तुटल्यावर साधारण 6 ते 8 तासांत थरथरू लागतं. पहिल्या 48 तासांत आकडी येऊ शकते. 48 ते 96 तासांच्या दरम्यान काहींना भास होतात, जागा-वेळेचं भान सुटतं, ताप चढतो, आणि हे जिवावर बेतू शकतं. म्हणून डॉक्टरांना भेटण्याआधी दारू एकदम बंद करू नका.

घरी सोडवणं जमतं, पण अटी पक्क्या हव्यात. आधी कधी आकडी किंवा भ्रम झालेला नसावा, यकृत-हृदयाचा गंभीर आजार नसावा, आत्महत्येचे विचार नसावेत, आणि न पिणारं एक मोठं माणूस दिवसरात्र सोबत असावं. डॉक्टर क्लोरडायझेपॉक्साइड किंवा डायझेपॅम या शरीर शांत करणाऱ्या गोळ्या देतात आणि साधारण 5 ते 7 दिवसांत डोस उतरवत नेतात. गोळ्या नातेवाइकानेच सांभाळायच्या, कारण त्यांच्यावर दारू प्यायली तर श्वास मंदावू शकतो. घोटाळा बहुधा दुसऱ्या दिवशी होतो: माणूस बरा दिसतो, घरचे कामाला जातात, आणि भ्रमाची वेळ तर पुढेच असते.

दुसरी चूक सलाईनची. 'अशक्तपणा आहे' म्हणून नुसतं ग्लुकोज चढवलं जातं. दीर्घकाळ पिणाऱ्यांमध्ये बी-1 जीवनसत्त्व आधीच कमी असतं. ते न देता ग्लुकोज दिलं तर मेंदूला इजा होऊ शकते. आधी बी-1, तेही शक्यतो इंजेक्शनने, कारण अशा पोटातून गोळी नीट शोषली जात नाही. गोंधळल्यासारखं बोलणं, तोल जाणं, डोळे विचित्र हलणं यांपैकी काहीही दिसलं तर लगेच रुग्णालय गाठा.

घरी सोडवण्याच्या वरच्या अटींपैकी एक जरी अट पुरी होत नसेल तर भरतीच करा, इथे तडजोड नको. केंद्र निवडताना विचारा: रात्री डॉक्टर असतात का? बी-1 चं इंजेक्शन देतात का? घरी सोडल्यावर पुढची भेट कधी? 'डांबून ठेवतो, आपोआप सुटेल' असं सांगणारी जागा टाळा.

दोन्ही वाटांनी आठवड्याभरात फक्त शरीर शांत होतं. तलफ महिनोन्महिने राहते. त्यासाठी समुपदेशन, अल्कोहोलिक्स अॅनॉनिमससारख्या, दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाच्या सभा आणि औषधं लागतात. नाल्ट्रेक्सोन बहुधा रोज 50 मिलिग्रॅम, दिवसातून एकदा. अफूवर्गीय वेदनाशामक चालू असेल तर चालत नाही. अकॅम्प्रोसेट दिवसातून तीनदा घ्यावं लागतं, पण यकृतावर भार टाकत नाही. मूत्रपिंड मात्र ठीक हवं. डायसल्फिरामवर दारू प्यायली की चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळू शकतो, आणि गोळी थांबवल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. घेणाऱ्याला सगळं माहीत असेल, तरच ती द्यावी. जेवणात गुपचूप मिसळणं जिवाशी खेळ आहे.

पुन्हा प्यायला सुरुवात झालीच तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या स्वतःहून सुरू करू नका. दारू वारंवार तुटत गेली तर पुढच्या वेळचा त्रास आधीपेक्षा तीव्र होऊ शकतो, त्यामुळे गेल्या वेळी घरी निभावलं म्हणून या वेळीही निभावेल, हे धरून चालू नका.