मेजर बदलावा का? ओ-नेट इंटरेस्ट प्रोफायलर कितपत उपयोगी पडतो

मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, बदलण्याचा विचार ही काही अपवादाची गोष्ट नाही. अमेरिकेच्या शिक्षण विभागाने 2017मध्ये दिलेल्या आकडेवारीत पदवीच्या साधारण 33 टक्के विद्यार्थ्यांनी तीन वर्षांच्या आत मेजर बदललेला दिसतो. सुरुवातीला गणित घेतलेल्यांत हे प्रमाण 52 टक्के होतं. या टप्प्यावर समुपदेशक बहुधा एखादी आवड-चाचणी सुचवतात. त्यातली सर्वांना मोफत मिळणारी आणि बरीच वापरली जाणारी म्हणजे अमेरिकेच्या श्रम विभागाचा ओ-नेट इंटरेस्ट प्रोफायलर. ती इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये आहे.

चाचणीचा पाया मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांनी मांडलेल्या आवडींच्या सहा गटांचा: हातकाम, शोधक, कलात्मक, सामाजिक, उद्यमशील आणि नोंदी-हिशेबाची शिस्तबद्ध कामं. 60 विधानांच्या आवृत्तीत प्रत्येक गटाची दहा विधानं येतात. विटा किंवा फरशी बसवणं, नवं औषध शोधणं, शेअर-रोख्यांची खरेदी-विक्री, अशी ती साधी असतात. ‘अजिबात आवडणार नाही’पासून ‘खूप आवडेल’पर्यंत पाच पर्याय, त्यांना 0 ते 4 गुण. म्हणजे प्रत्येक गटाला जास्तीत जास्त 40.

गोची इथेच होते. एकच उत्तर ‘आवडणार नाही’वरून ‘खूप आवडेल’वर नेलं की त्या गटाचे तीन गुण वाढतात. त्यामुळे शोधक 27 आणि सामाजिक 25 आले, तर शोधक वरचढ असं म्हणता येत नाही. दोन्ही सारखेच धरावेत. दुसरं, सगळीकडे ‘सांगता येत नाही’ हा मधला पर्याय निवडला तर सहाही गट 20वर येऊन थांबतात. असा सपाट निकाल आला की पुन्हा बसा आणि प्रत्येक विधानाला कल तरी द्या. उत्तर देताना पगार, शिक्षण किंवा ‘मला जमेल का’ हे मनात आणायचं नाही, अशी सूचना चाचणीतच आहे. पण पालकांच्या शेजारी बसून ती पाळणं कठीण. चाचणी एकट्यानेच द्यावी.

गुणांनंतर तयारीची पातळी, म्हणजे कामासाठी किती शिक्षण-अनुभव घ्यायची तयारी आहे ते, 1 ते 5मधून निवडावं लागतं. त्यावरून जुळणाऱ्या व्यवसायांची यादी मिळते. इथे बरेच जण आजचं शिक्षण पाहून 2 किंवा 3 टाकतात आणि यादीत आपल्या विषयातलं काहीच दिसत नाही म्हणून निराश होतात. चार वर्षांची पदवी लागणारी बहुतेक कामं पातळी 4मध्ये आहेत, ती निवडा. यादीत व्यवसाय मिळतात, मेजर नव्हे. प्रत्येक व्यवसायाचं पान उघडून रोजची कामं आणि लागणारं ज्ञान वाचा, मग ते अभ्यासक्रमाशी ताडून पाहा. हा टप्पा वेळखाऊ आहे, पण चाचणीचा खरा फायदा इथेच मिळतो.

चाचणीची मोठी मर्यादा अशी की ती फक्त आवड मोजते. मेजर बदलावासा वाटतो त्यामागे आवडीखेरीज इतरही कारणं असतात: कॅल्क्युलस किंवा ऑरगॅनिक केमिस्ट्रीसारख्या पायाभूत पेपरात नापास होणं, एका शिक्षकाशी न जमणं, घरच्यांनी ठरवलेला विषय, नोकरीची धास्ती. मानसशास्त्राची ओढ असलेला विद्यार्थी संख्याशास्त्रात अडकला, तर त्याचा शोधक गुण 35 येऊनही पेपर सुटणार नाही. त्याला अभ्यासाची पद्धत बदलायला हवी, मेजर नव्हे. म्हणून चाचणीआधी कारण कागदावर लिहा. कारण एका पेपरापुरतं असेल तर चाचणी देऊन काही साधत नाही.

निकाल बदलाकडे झुकला, तर सल्लागाराकडे जाताना तीन प्रश्न घेऊन जा. झालेल्या क्रेडिटपैकी (पेपर पूर्ण केल्यावर मिळणारे एकक) किती नव्या मेजरच्या मुख्य अटींत धरले जातील आणि किती केवळ ऐच्छिक म्हणून उरतील? पूर्वअटींची, म्हणजे एकाआधी दुसरा पूर्ण करावा लागणाऱ्या पेपरांची, साखळी किती सत्रांची आहे? शिष्यवृत्तीच्या अटी मोडतात का? दुसरा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. एकामागोमाग घ्यावे लागणारे चार पेपर असतील, तर क्रेडिट कितीही वाचले तरी चार सत्रं लागतातच.

सशुल्क पर्याय म्हणजे 1927पासून चालत आलेली स्ट्राँग इन्व्हेंटरी ही आवड-चाचणी. ती तुमची उत्तरं त्या-त्या व्यवसायात समाधानी असलेल्यांच्या उत्तरांशी ताडते, त्यामुळे चित्र अधिक बारकाईचं मिळतं. कॉलेजचं समुपदेशन केंद्र ती मोफत देत असेल आणि निकाल समजावून सांगणारा प्रशिक्षित माणूस तिथे असेल, तर आधी तीच घ्यावी. नुसता अहवाल ईमेलने मिळणार असेल, तर ओ-नेट पुरे.