ऑर्हूसचं ‘डेन गाम्ले ब्यू’: वार्षिक कार्ड कितपत वसूल होतं?

डेन्मार्कमधल्या ऑर्हूस शहरात, बोटॅनिकल गार्डनला लागून ‘डेन गाम्ले ब्यू’ (म्हणजे ‘जुनं शहर’) हे खुलं संग्रहालय आहे: देशभरातून आणलेल्या जुन्या घरांचं अख्खं गावच. एका दिवसात सगळं बघायला गेलात तर पायांचे तुकडे पडतात आणि डोक्यात काही उरत नाही. म्हणून वार्षिक कार्ड काढलं. गेले काही महिने मधूनमधून तासभर जायचं, एकच घर निवांत बघायचं आणि परतायचं, असं चाललंय. पैसे वसूल.

बहुतेकांचे फोटो असतात ते १५९७ सालच्या नगराध्यक्षाच्या वाड्याचे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो पाडायला निघाले होते. पीटर होल्म या शिक्षकाने तो वाचवला, १९०९च्या मोठ्या प्रदर्शनात उभा करून दाखवला आणि १९१४मध्ये त्यातूनच हे संग्रहालय सुरू झालं. लाकडी सांगाडा असल्यामुळे अशी घरं सुटी करून दुसरीकडे जोडता येतात. कोपनहेगनच्या टांकसाळप्रमुखाचं घर तर कित्येक दशकं नुसते वासे होऊन पडलं होतं, ते २००९मध्ये इथे उभं राहिलं.

पण माझी पावलं वळतात ती १९७४ साल जसंच्या तसं मांडलेल्या गल्लीकडे. रेडिओ-टीव्हीचं दुकान, स्त्रीरोगतज्ज्ञाचा दवाखाना, एकत्र बिऱ्हाड थाटलेल्या तरुण मंडळींचं घर. आणि तुर्की कामगारांचं घर. डेन्मार्कने १९७३च्या नोव्हेंबरात परदेशी कामगार घेणं थांबवलं. चार पैसे गाठीला बांधून परत जाऊ म्हणून आलेल्यांपुढे तेव्हा प्रश्न होता: गावी गेलो तर पुन्हा येता येईल का? त्यांचं बिऱ्हाड शहराचा इतिहास म्हणून नगराध्यक्षाच्या वाड्याबरोबरीने मांडलंय, हे मला फार आवडलं. मीही बाहेरूनच आलोय ना!

स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांसाठी १९५०च्या दशकातलं घरही लावलंय. जुन्या वस्तू हाताळताना त्यांना जुनं काही आठवावं, हा हेतू. संग्रहालयाने असंही काम करावं, हे विशेष.

व्हायकिंग काळापासूनचा शहराचा इतिहास सांगणारं दालन तळघरात आहे. नवख्यांनी आधी तेच बघावं, म्हणजे वरच्या घरांची संगती लागते. रस्ते दगडगोट्यांचे, त्यामुळे बाबागाडी ढकलताना जीव मेटाकुटीला येतो. तान्हं बाळ झोळीत घेतलेलं बरं. डिसेंबरात नाताळच्या सजावटीपायी तोबा गर्दी असते. कार्ड असेल तर शनिवार-रविवार टाळून मधल्या वारी जा. दोन दिवसांसाठी ऑर्हूसला येणार असाल तर मात्र साधं तिकीटच काढा.